खाडीकाठी मारांडी रुजवताना

मारांडी हे कांदळवनातलं झुडूप, पण फुलांसाठी ते कुणी लावत नाही. काटेरी पानांमुळे तिला काटवणातच मोजतात. पण उन्हाळ्यात तिच्या शेंड्यांवर निळेजांभळे तुरे आले की खाडीचा अख्खा काठ उजळतो. राडारोडा उचलल्यावर उघड्या पडलेल्या एका पट्ट्यात ती पुन्हा रुजवायची, असं आम्ही ठरवलं.

कांदळवनात काहीही करायचं तर आधी विचारावं. महाराष्ट्रात २०१२ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष त्यासाठी आहे. होकार येईपर्यंत मी फक्त पाणी बघत राहिले: उधाण कुठवर चढतं, ओहोटीनंतर कुठे तुंबतं. माझ्या मते रोपांपेक्षा हे महत्त्वाचं. आम्ही वरचा काठ निवडला, जिथे उधाणाचं पाणी येतं पण साचून राहत नाही.

बिया मिळवायला घाई लागते. चकचकीत हिरवी बोंडं तपकिरी झाली की फटकन तडकतात आणि बिया दोनेक मीटर लांब उडतात. म्हणून रंग पालटताच तुऱ्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या. एका बोंडात फार तर ४ चपट्या बिया. कांदळाची बी झाडावरच रुजते, तसं इथे नाही. बी ताजं असतानाच पेरलेलं बरं. खाडीचा गाळ भरून पिशव्यांत पेरलं, आणि जून फांद्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडेही खोचले. त्यांनाही मुळं फुटली.

सुरुवातीला गोडं पाणी, मग त्यात थोडंथोडं खाडीचं. एका सकाळी पानांवर पांढरे कण दिसले. बोट लावून चाखलं तर खारट! पानांतल्या ग्रंथी नको असलेलं मीठ असं बाहेर टाकतात. रोपं खाऱ्या पाण्याला तयार झाली, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

लावणी पावसाच्या तोंडावर केली, कारण तेव्हा चिखलातला खारेपणा उतरतो आणि कोवळ्या मुळांना सवड मिळते. पुढे खालच्या फांद्यांना आधारमुळं फुटली, झुडपं एकमेकांत गुंतली. फुलं आली तेव्हा मी तासन्‌तास तिथेच बसून असे. या फुलाला वरचा ओठ नसतोच. खालची एकच रुंद पाकळी, टोकाला तीन भागांची. काळा भुंगा थेट तिच्यावर उतरतो आणि परागांनी माखून निघतो.

पाणी घालावं लागत नाही, खतही नाही. प्लास्टिक मात्र दर उधाणानंतर वेचावं लागतं. काट्यांत अडकलेल्या पिशव्या ओढीने रोप मुळासकट उपटतात.