रोजा अवघड केल्याने रहमत वाढत नाही

कुरआनातल्या सूरह बकराच्या 183 ते 187 या पाच आयतींमध्ये रमजानच्या रोज्याचा गाभा येतो. रोजा कोणावर फर्ज (बंधनकारक), आजाऱ्याने आणि प्रवाशाने काय करायचं, पहाटे कुठे थांबायचं, रात्री कशाची मुभा आहे, सगळं. पण 186 वी आयत वाचली तर तिच्यात रोज्याचं नावसुद्धा नाही. तिथे अल्लाह पैगंबरांना म्हणतो, माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील तेव्हा मी जवळच आहे. हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो. तिच्या लगेच आधीच्या आयतीत म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको आहे. मसाइलच्या (रोज्याच्या नियमांच्या) ऐन मध्यावर ही दुआची आयत येते, हे वाचताना पुढे सरकून जाऊ नये.

आपल्याकडे हिशोब उलटा मांडला जातो. घसा जितका कोरडा तितकी रहमत (अल्लाहची कृपा) जास्त. डॉक्टरांनी मनाई केली असताना धरलेला रोजा म्हणजे मोठं ईमान. मग कुणी चक्कर येऊन पडतं, आणि ज्या रात्रींत मागायचं त्या रात्री सलाइन लावून जातात. रोज्यात शिस्त हवीच. पण शिस्त वेळेची आणि जिभेची, शरीराला छळण्याची नाही.

आणखी एक समज बाजूला ठेवू. पहिले दहा दिवस रहमतीचे, मधले मगफिरतीचे (माफीचे), शेवटचे जहन्नममधून (नरकातून) सुटकेचे, हे दरवर्षी मशिदीच्या फलकावर लागतं. त्या हदीसची (पैगंबरांच्या वचनाची) सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी, कमजोर असल्याचं हदीसच्या जाणकारांनी नोंदवलं आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात मात्र रमजान आला की रहमतीचे दरवाजे उघडले जातात असं सरळ आलंय, दहा दिवसांची अट नाही. म्हणून पहिला अशरा (दहा दिवस) वाया गेला म्हणून हातपाय गाळून बसायचं कारण नाही.

आता पहाटेपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त रोजे तिथेच बिघडतात. सहेरी (पहाटेचं खाणं) संपते सुबह सादिकला (खरी पहाट फुटताना), अजान संपताना नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक वेळापत्रकांत खत्मे सहरची (सहेरी संपण्याची) वेळ आधी असते आणि फज्रची (पहाटेच्या नमाजची) अजान खबरदारी म्हणून काही मिनिटं उशिरा होते. अजान चालू असताना घाईघाईने चहाचे घोट घेणाऱ्याचा रोजा सुरूच होत नाही. त्या दिवशी उपाशी राहायचं आणि नंतर कजाही (तो रोजा भरून काढणं) करायची. दुसरी गडबड वेळापत्रकाची. मुंबई आणि नागपूरच्या रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, म्हणजे सूर्योदय-सूर्यास्तात सुमारे 25 मिनिटांचा. नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मुंबईचा तक्ता नागपुरात वापरला तर सहेरी 25 मिनिटं लांबते. नागपूरचा तक्ता रत्नागिरीत वापरला तर सूर्य वर असतानाच रोजा सुटतो. मोबाइलच्या ॲपमध्येही आधी शहर तपासावं.

सहेरी टाळून रोजा धरण्यात बहादुरी नाही. सहेरी खा, तिच्यात बरकत आहे, असा पैगंबरांचा (स.) स्पष्ट आदेश आहे. पैगंबरांचे साथीदार हजरत जैद बिन साबित यांनी पैगंबरांच्या सहेरीत आणि अजानीत पन्नास आयती वाचण्याइतकं अंतर सांगितलं आहे. म्हणजे सहेरी उशिरा करायची, रात्री बारा वाजता जेवून झोपून जायचं नाही. पोटासाठीही तेच बरं. ज्वारीची भाकरी, अंडं, दही, डाळ असं सावकाश पचणारं खावं. खारवलेलं आणि तळलेलं टाळावं, दुपारची तहान त्याच्यामुळेच लागते. शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी ढोसूनही फायदा नाही. ते सकाळीच निघून जातं. पाणी मगरिबपासून (सूर्यास्तापासून) थोडं थोडं प्यावं.

नियतच्या (रोज्याच्या इराद्याच्या) बाबतीत महाराष्ट्रात दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. राज्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई; हे दोन मसलक, म्हणजे धर्मनियमांच्या दोन परंपरा. हनफी मसलकात पहाटेपासून काही खाल्लंप्यालं नसेल तर रमजानच्या रोज्याची नियत दुपारच्या आधीपर्यंत करता येते. शाफईंना प्रत्येक रोज्याची नियत मगरिब ते सुबह सादिकच्या दरम्यानच करावी लागते. ती राहिली तर दिवसभर काही न खातापिता राहायचं आणि नंतर कजा. नियत मनाने होते, अरबी वाक्य पाठ नसलं तरी चालतं. शाफई घरांत एक सोपी सवय लावावी: तरावीह (रमजानच्या रात्रीची खास नमाज) झाली की उद्याच्या रोज्याचा इरादा मनात पक्का करून टाकायचा. मग सहेरीला जाग आली नाही तरी रोजा हुकत नाही.

सहेरीला उठलंच आहे तर आणखी वीस मिनिटं आधी उठा. रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात रब विचारतो, कोण मागतंय की मी देऊ, कोण माफी मागतंय की मी माफ करू, ही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस आहे. हा भाग कसा काढायचा? मगरिब ते सुबह सादिक हे अंतर घ्या, त्याचे तीन भाग करा. मगरिब 6.45 ला आणि सुबह सादिक 5.15 ला असेल तर रात्र साडेदहा तासांची, तिसरा भाग साडेतीन तासांचा, म्हणजे 1.45 पासून पुढे. तहज्जुदची ऐच्छिक नमाज दोन-दोन रकात (नमाजचे फेरे), जमेल तितक्या. लांब सूरह येत नसेल तर छोट्या वाचा, सजदा लांबवा आणि आपल्या भाषेतलं मागणं नमाजनंतर हात उचलून मागा. वर्षभर या वेळेला उठणं जमत नाही. रमजानमध्ये आपण जागे असतोच आणि भांड्यांच्या आवाजात ती वेळ निघून जाते.

तसंच इफ्तारीच्या आधीच्या दहा मिनिटांचं. रोजेदाराची दुआ परत फिरत नाही असं हदीसमध्ये आलंय, आणि नेमकं तेव्हाच घरात कांदाभजी तळणं, सरबत ढवळणं, फळं चिरणं चालू असतं. घरातल्या बायकांची ही वेळ तर वर्षानुवर्षं कढईसमोर जाते. हे बदलणं पुरुषांच्या हातात आहे. तळण अर्ध्यावर आणा, दस्तरखान मुलांनी लावावा, मगरिबच्या 15 मिनिटं आधी गॅस बंद. सगळ्यांनी बसून मागावं. सूर्य बुडाल्याची खात्री झाली की मात्र क्षणभरही थांबू नये, इफ्तार लवकर करणं हीच सुन्नत. ताजी खजूर, नसेल तर सुकी, तीही नसेल तर पाण्याचे काही घोट. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर म्हणायची दुआ अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे: जहबज जमउ वब्तल्लतिल उरूकु व सबतल अज्रु इन्शाअल्लाह. तहान गेली, शिरा ओल्या झाल्या, अल्लाहने चाहिलं तर सवाब पक्का झाला. ती पाणी प्यायल्यावर म्हणायची, हे तिच्या शब्दांवरूनच कळतं.

रोजा कशाने तुटतो याची भीती फार पसरलेली आहे. विसरून खाल्लं-प्यालं तर रोजा तुटत नाही. आठवताच थांबायचं आणि रोजा पूर्ण करायचा, अल्लाहनेच त्याला खाऊ घातलं असं हदीसचे शब्द आहेत. आपोआप उलटी झाली तरी तुटत नाही, मुद्दाम तोंडभर काढली तर तुटतो. रक्ततपासणीने तुटत नाही, डोळ्यांत औषध घातल्याने तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनने तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात. दम्याच्या पंपाने तुटतो असा आपल्याकडच्या हनफी मुफ्तींचा सर्वसाधारण फतवा आहे. वुजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुणं) करताना चूळ भरली आणि रोजा आठवत असूनही पाणी घशात उतरलं तर हनफींकडे कजा लागते, म्हणून रोज्यात गुळण्या खोल करू नयेत. आणि खोटं बोलणं, चहाड्या? त्यांनी रोजा तुटत नाही, रिकामा होतो. जो खोटं बोलणं आणि त्यावर वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, ही बुखारीतली हदीस आहे.

आता सवलतींकडे येतो, कारण मला खरं म्हणायचंय ते इथे आहे. प्रवासात एका माणसाभोवती गर्दी जमली होती, त्याच्यावर सावली धरली होती. पैगंबरांनी विचारलं, हे काय? लोक म्हणाले, रोजेदार आहे. त्यावर ते म्हणाले, प्रवासात असा रोजा धरणं ही नेकी नव्हे. मग साखर खूप खाली जाणाऱ्या मधुमेहीने हट्टाने रोजा ओढत न्यावा, याला नेकी कसं म्हणायचं? मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात की रोज्यात साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, त्यामुळे ‘तपासलंच नाही’ ही सबब उरत नाही. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात. सकाळची गोळी आपल्या मनाने सहेरीला घेतल्यानेच बरेच घोटाळे होतात.

राहिलेल्या रोज्याचं काय? बरं होण्याची आशा असेल तर कजा, फिदिया (रोज्याच्या बदल्यात गरिबाला अन्न) देऊन मोकळं होता येत नाही. अतिवृद्ध किंवा कायमचा आजारी यांच्यासाठी फिदिया: हनफींकडे एका रोज्यामागे अर्धा साअ गहू, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो, किंवा त्याची किंमत, शाफईंकडे एक मुद्द धान्य, साधारण 600 ग्रॅम तांदूळ. मापाचे आकडे उलेमांमध्ये थोडे पुढेमागे होतात, तेव्हा सढळ हाताने द्यावं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर तिलाही मुभा आहे. हनफींकडे तिच्यावर फक्त कजा. शाफईंकडे भीती केवळ बाळासाठी असेल तर कजेसोबत फिदियाही. पाळीच्या दिवसांत रोजा नाही, त्याची नंतर कजा आहे, नमाजची नाही. त्या दिवसांत दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), इस्तिगफार (माफी मागणं) सगळं चालू ठेवता येतं. पाळी नेमकी शेवटच्या अशऱ्यात आली म्हणून रडणाऱ्या मुलींना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

कफ्फारा (प्रायश्चित्त) सर्वांत कडक. रोज्यात संभोग झाला तर कजेसोबत आणखी सलग 60 रोजे, मध्ये एक सुटला तर पुन्हा पहिल्यापासून (बाईची पाळी यातून वगळली आहे), आणि तेही खरोखर जमत नसेल तर 60 गरिबांना जेवण. हनफींकडे जाणूनबुजून खाल्लं तरी हाच दंड, शाफईंकडे त्याला फक्त कजा आणि तौबा. पण हा मसला ज्या प्रसंगातून आला तो बघा. एक माणूस पैगंबरांकडे धावत आला, मी बरबाद झालो म्हणाला. गुलाम आजाद करशील? नाही. दोन महिने सलग रोजे? नाही. 60 मिस्कीनांना जेवण? तेही नाही. मग पैगंबरांकडे खजुरांची टोपली आली. ही घे, सदका (दान) कर. तो म्हणाला, माझ्याहून गरीब कुणाला? मदिन्यात माझ्या घराइतकं गरजू घर नाही. पैगंबर सुळे दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, घरच्यांनाच खाऊ घाल. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. कायदा पूर्ण सांगितला गेला, आणि गुन्हा कबूल करून आलेला माणूस खजूर घेऊन घरी गेला.

तरावीहबद्दल थोडक्यात. हनफी आणि शाफई दोघांकडे 20 रकात, अहले हदीस पंथाच्या मशिदींत 8. दहा दिवसांत कुरआन संपवणाऱ्या जमातीत (सामूहिक नमाजेत) गेलात तर उरलेल्या वीस रात्रींची तरावीह माफ होत नाही. कुरआन ऐकणं ही एक सुन्नत, महिनाभर तरावीह ही दुसरी.

शेवटच्या दहा रात्रींत सर्वांत मोठी चूक मोजणीची होते. इस्लामी तारीख मगरिबला बदलते. 21 वी रात्र म्हणजे 20 वा रोजा सोडल्यानंतरची रात्र. ज्यांना हे माहीत नसतं ते प्रत्येक विषम रात्री झोपतात आणि सम रात्री जागतात. केवळ सत्ताविसाव्यावर सगळं टाकू नये, शब-ए-कद्र (रमजानची सर्वांत मोलाची रात्र) शेवटच्या विषम रात्रींत शोधा असा आदेश आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी त्यांना विचारलं, ती रात्र मिळाली तर काय म्हणू? उत्तर एका ओळीचं: अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी. हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मला माफ कर. रात्रभर जागणं झेपत नसेल तर ईशा (रात्रीची नमाज) आणि फज्र जमातीने पढा, मध्ये ही दुआ म्हणत राहा.

एतिकाफला (मशिदीत इबादतीसाठी मुक्कामाला) बसणाऱ्याने 20 व्या रोज्याच्या मगरिबपूर्वी मशिदीत असावं. ईदचा चाँद दिसेपर्यंत मुक्काम. बसण्याआधी इमामांना एकच गोष्ट विचारा: मशिदीची शरई हद्द कुठपर्यंत? वुजूखाना, चपलांची जागा, जिना बहुतेक ठिकाणी हद्दीबाहेर असतात. हनफींकडे गरजेशिवाय तिथे पाऊल पडलं तरी एतिकाफ तुटतो. शौच आणि फर्ज गुस्लसाठी (बंधनकारक आंघोळीसाठी) जाता येतं, गरम होतंय म्हणून आंघोळीला नाही. बाईने घरातल्या नमाजच्या जागेत एतिकाफ करणं हनफींकडे जायज, शाफईंकडे त्यालाही मशीदच लागते.

इतकं करूनही एक कर्ज दुआने फिटत नाही. तौबेच्या अटी तीन: गुनाह सोडणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा इरादा. माणसाचा हक मारला असेल तर चौथी: तो परत करणं. बहिणीचा वारसा दाबून ठेवलेला, मजुराचा पगार थकलेला, आणि माणूस सत्ताविसाव्या रात्री ढसाढसा रडतोय. आधी तो हिशोब पुरा करा.

फितरा (ईदनिमित्त गरिबांना द्यायचं बंधनकारक दान) ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा, नंतर दिला तर तो साधा सदका ठरतो. शाफईंकडे माणशी एक साअ मुख्य धान्य, कोकणात म्हणजे सुमारे अडीच किलो तांदूळ, आणि तो धान्यातच द्यायचा. हनफींकडे अर्धा साअ गहू, किंवा खजूर-मनुका-जव यांचा पूर्ण साअ, किंवा किंमत. ऐपत असलेल्याने सगळ्यांत स्वस्त गव्हाचाच भाव धरू नये, खजुराचा किंवा मनुक्याचा धरावा. आणि ईदच्या सकाळी मशिदीच्या दारात नोटा वाटण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी पोहोचवा. शीरखुर्म्याचं दूध आणि मुलांचे कपडे त्या घरातही चाँदरातीच्या आधीच आणावे लागतात.