बेआग्नोथच्या सुऱ्यावरची अक्षरं

डेहराडूनच्या आमच्या कारखान्यात परदेशी संग्राहकांसाठी जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती घडवतात. त्यासाठी काढलेले नकाशे, म्हणजे आराखडे, मूळ वस्तूशी ताडून पाहणं हे माझं काम. त्या दिवशी मात्र एक नकाशा माझ्याकडे न येताच थेट उस्तादांच्या हाती गेला होता.

मागणी होती बेआग्नोथच्या सीॲक्सची. हा एकधारी अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडमधला, सुरा १८५७ साली बॅटरसीजवळ थेम्स नदीत सापडला, आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लांबी सुमारे ७२ सेंटीमीटर, पाठ चांगली जाड, टोकाकडे सरळ रेषेत उतरलेली. पात्यावर रून या तिथल्या जुन्या लिपीची २८ अक्षरं, वर्णमालेसारखी ओळीने, आणि बेआग्नोथ हे नाव, सगळं धातूच्या तारांनी भरलेलं.

उस्ताद उदयपूरचे. तिथली कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी, प्रसिद्ध आहे, पण तिच्यात पृष्ठभाग खरवडून तार वर ठोकतात. इथे हवं होतं तहनिशान: छिन्नीने खोल चर पाडायचा, तळाशी तो किंचित रुंद ठेवायचा आणि तार ठोकून त्यात बसवायची, म्हणजे ती निसटत नाही. छिन्नी चालावी म्हणून आम्ही फक्त धारेला पाणी देऊन ती कडक केली होती, पाठ मऊ ठेवली होती.

मी पोचलो तेव्हा सोळा अक्षरं कोरून झाली होती. म्युझियमच्या फोटोची मोठी प्रत शेजारी ठेवून मी एकेक अक्षर जुळवू लागलो. ‘ए’नंतर नकाशात म, ल, ङ. फोटोत ङ, द, ल, म! नकाशा काढणाऱ्याने रून वर्णमालेचा छापील तक्ता पाहून क्रम ‘दुरुस्त’ केला होता.

“उस्ताद, थांबा.”

पर्यवेक्षकांना ते पटेना. “ग्राहक तक्त्याशी ताडून बघेल आणि चूक म्हणून माल परत पाठवेल,” ते म्हणाले. मी हटलो नाही. जुन्या कारागिराच्या हातून अक्षरं ज्या क्रमाने उतरली, तो क्रमच आपण पुसला तर प्रतिकृती कशाची म्हणायची? आणि हा सुरा ओळखणारा माणूस आधी तेच शोधणार.

उस्ताद भिंग लावून फोटो बघत बसले होते. त्यांना रून वाचता येत नाही, पण तारेचा प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो ते त्यांनी बोटाने दाखवलं. “साब, जैसा उसने किया, वैसा ही करेंगे,” एवढंच बोलून त्यांनी सतराव्या अक्षराची खूण केली.

संध्याकाळी संग्राहकाला फोटो पाठवून क्रम कळवला. उत्तर लगेच आलं: मूळ क्रमच हवा. तेव्हापासून त्या सुऱ्याच्या प्रत्येक मागणीला मी नकाशासोबत म्युझियमचा फोटोही टाचतो.