वॉरंटी संपलेला ई-रीडर बदलून मिळाला, तो कसा

माझ्या वडिलांचा, अण्णांचा ई-रीडर (डिजिटल पुस्तकं वाचायचं यंत्र) बिघडला तेव्हा त्याची एक वर्षाची वॉरंटी नुकतीच संपली होती. कस्टमर केअरचं पहिलं उत्तर काय आलं असेल ते सांगायला नकोच. पण शेवटी तो बदलून मिळाला, आणि वर एक पैसाही द्यावा लागला नाही. नातेवाईकांत आणि सोसायटीत बऱ्याच जणांनी विचारलं की हे कसं काय जमलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते मोबाईलपासून मिक्सरपर्यंत कुठल्याही वस्तूला लागू होतं.

आधी हे सांगते की एवढं मागे का लागले. माझं माहेर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं आणि अण्णांची खालच्या कपाटातली सगळी पुस्तकं गेली, ओली पुस्तकं सुकवून सुकवून शेवटी टाकूनच द्यावी लागली. त्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा त्रास वाढला, छापील पुस्तकातलं अक्षर दिसेना. मोबाईलवर वाचलं की डोळ्यातून पाणी येतं. ई-रीडरवर मात्र अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात पण ते मस्त वाचतात, रोज दुपारी जेवण झालं की खुर्ची खिडकीशी ओढून. ई साहित्य प्रतिष्ठानच्या फुकट पीडीएफ मी आधी टाकून दिल्या होत्या, पण पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला पान सरकवत बसावं लागतं, म्हणून आता त्यांच्यासाठी ईपबच (अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पडद्यात बसवणारी फाईल) बघते. तर हा रीडर बंद म्हणजे त्यांचं वाचनच बंद, इतकं ते सरळ होतं. नवीन घेऊन देणं मला जड नव्हतं, पण वर्षभर जपून वापरलेली वस्तू आपोआप बिघडते आणि त्याचा खर्च आपण का सोसायचा, हा प्रश्न मला गप्प बसू देईना.

बिघाड असा झाला. पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरी रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी, मग पट्टाच. बाकी पान नीट बदलत होतं, टच चालत होता, चार्जिंग होत होतं. अण्णा एमएसईबीतून रिटायर झालेत, त्यांनी फोनवरच निदान केलं, "अगं, हा पडदा फुटलेला नाही, एक फेज गेलाय बघ. फुटला असता तर रेघ एवढी सरळ आली नसती."

आणि ते बरोबरच होतं. ई-रीडरच्या पडद्यात, म्हणजे ई-इंकमध्ये, अगदी बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, एकाला धन भार एकाला ऋण. मागून व्होल्टेज दिलं की एक जात वर येते, दुसरी खाली जाते आणि अक्षर उमटतं. पान बदलतानाच काय ती वीज लागते, एकदा उमटलेलं अक्षर वीज नसतानाही तसंच राहतं, म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. या कॅप्सूलच्या मागे ट्रान्झिस्टरचा एक थर असतो, बहुतेक रीडरमध्ये पातळ काचेवर, आणि त्याला आडव्या-उभ्या ओळींनी सिग्नल जातो. रीडरवर कुणी बसलं किंवा तो पडला तर ती आतली काच तडकते (वरचा पडदा हाताला गुळगुळीतच लागतो, त्यामुळे लोकांना कळतही नाही), आणि मग एका बिंदूपासून फुटणाऱ्या वेड्यावाकड्या फांद्या किंवा डाग दिसतात. उलट कडेच्या रिबनचा (सिग्नल नेणाऱ्या चपट्या केबलचा) जोड किंवा सिग्नल पाठवणारी ड्रायव्हर चिप गेली की त्या त्या ओळींना सिग्नलच पोचत नाही, आणि सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे येतात. शंभर टक्के खात्री आतून उघडूनच होईल, पण तक्रार करताना हा फरक माहीत असणं फार कामाला येतं, कारण कंपनीचा पहिला संशय "तुमच्याकडूनच पडला असेल" हाच असतो.

मी चॅटवर गेले. त्यांनी रीस्टार्ट करायला सांगितलं, पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरायचं, ते केलं. फॅक्टरी रीसेट सांगितलं, त्याला मी आधी थांबा म्हटलं, कारण रीसेट केलं की आत वेगळी टाकलेली पुस्तकं आणि खुणा सगळं जातं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पडदा गेला तरी केबलने कॉम्प्युटरला जोडल्यावर रीडर बहुतेक वेळा ड्राइव्ह म्हणून दिसतो. भाच्याने सांगलीत बसून अण्णांची सगळी पुस्तकं आणि हायलाइटची टेक्स्ट फाईल कॉपी करून घेतली, मगच रीसेट केलं. पट्टे अर्थातच तसेच राहिले.

मग आलं ते वाक्य. वॉरंटी एक्सपायर झाली आहे, रिपेअर आम्ही करत नाही, पण नवीन घेतलात तर डिस्काउंट कूपन देऊ. खरं सांगते, हे कूपन फार फसवं असतं. आपल्याला वाटतं काहीतरी मिळालं, आणि आपण तक्रार बंद करून नवीन वस्तू विकत घेतो. सेलमध्ये तेवढी सूट तशीही मिळतेच की. मी लिहिलं, कूपन नको, मला हे प्रकरण तुमच्या वरच्या टीमकडे पाठवायचंय, तक्रार क्रमांक द्या. समोरचा मुलगा नम्रच होता, त्याच्या हातात काही नसतं हे मला माहितीये, त्याच्यावर चिडून उपयोग नाही आणि चिडूही नये. चॅटचा ट्रान्सक्रिप्ट मेलवर मागून घेतला.

त्या रात्री बसून ग्राहक कायदा वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात 'दोष' म्हणजे काय त्याची व्याख्या आहे, आणि त्यात करार नुसता लेखी धरलेला नाही, 'व्यक्त किंवा अभिप्रेत' असा शब्द आहे. म्हणजे वॉरंटी कार्डावर एक वर्ष लिहिलंय हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन झालं, ते संपलं म्हणून वस्तू मुळात सदोष असली तरी आपण बोलूच शकत नाही असं नाही. तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि सगळ्यात भारी म्हणजे आता तक्रारदार जिथे राहतो तिथेच केस टाकता येते, कंपनी बंगळुरूची असो नाहीतर कुठली, सांगलीचा माणूस सांगलीत तक्रार करू शकतो. अर्थात कायदा आहे म्हणून आपण जिंकलोच असं नाही हां. वॉरंटीनंतर दोष मूळचाच होता हे आपल्याला दाखवावं लागतं, आणि काही हजारांच्या वस्तूसाठी तारखा घालणं प्रत्येकाला झेपत नाही. पण तिथवर जायच्या आधीची पायरी आहे ना, १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तक्रार ऑनलाइनही टाकता येते, ते ती कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. ते निकाल देत नाहीत, पण मोठ्या कंपन्यांमध्ये अशा तक्रारी बघणारी माणसं वेगळी असतात, चॅटवरच्या मुलापेक्षा त्यांना अधिकार जास्त असतात.

युरोपियन युनियनमध्ये विक्रेत्याला किमान दोन वर्षं जबाबदारी घ्यावीच लागते, आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासूनचाच होता असं धरून चालतात. तशाच वस्तूला आपल्याकडे एक वर्ष. आपल्याकडेही दोन वर्षं व्हायला हवीत असं मला अगदी मनापासून वाटतं. १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली, आपल्या मराठी माणसांनी ही चळवळ घराघरात नेली, आणि आज आपण एका कूपनवर गप्प बसतो याचं वाईट वाटतं.

तर मी मेल लिहिला. रागावून नाही, एका पानाच्या आत. खरेदीची तारीख आणि इनव्हॉइस. सीरियल नंबर (पडद्यावर वाचता येत नव्हता, खोक्यावर सापडला, नाहीतर ऑनलाइन अकाउंटमध्ये असतोच). बिघाड कधी दिसला, कसा वाढला. चारही कोपरे, पाठ आणि पडदा, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो, कुठे ठोकर नाही, वाकलेलं नाही, पाण्याची खूण नाही. पट्टे सरळ आहेत आणि बाकी भाग चालतोय, म्हणजे हा दाबाने झालेला बिघाड वाटत नाही, हे एका वाक्यात. वस्तू वापरणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, दृष्टी कमी आहे, हेही लिहिलं, कारण ते खरं आहे आणि वाचणारा शेवटी माणूसच असतो. मग मागणी स्पष्ट केली, हा पीस विनामूल्य बदलून द्या, आणि देणार नसाल तर नकार कारणासह लेखी कळवा. खाली एवढंच की अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास १९१५ वर तक्रार नोंदवेन. कुठे धमकी नाही, सोशल मीडियावर बदनामीची भाषा नाही.

त्यातला 'नकार लेखी कळवा' हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा ठरला. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, तेच कागदावर कारणासकट लिहायचं म्हटलं की कुणीतरी वरिष्ठ ते प्रकरण उघडून बघतो.

उत्तर यायला वेळ लागला. आधी एक साचेबंद मेल आला, पुन्हा तेच वॉरंटीचं. मी त्यालाच रिप्लाय करून त्याच तक्रार क्रमांकाखाली परत तेच लिहिलं आणि १९१५ वर नोंदवलं, त्याचा डॉकेट नंबरही (हेल्पलाइनने दिलेला तक्रारीचा क्रमांक) कंपनीला कळवला. त्यानंतर एका बाईंचा फोन आला, त्यांनी फोटो पाहिले होते, दोनच प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, "यावेळी एक्सेप्शन म्हणून आम्ही बदलून देतोय." मला त्या शब्दावर वाद घालायचा नव्हता, मी थँक्यू म्हटलं आणि मेल पाठवायला सांगितलं.

जुना पीस न्यायला कुरिअरवाला सांगलीच्या घरी आला. त्याआधी अकाउंटमधून तो रीडर काढून टाकला, कव्हर काढून ठेवलं (कव्हर आणि चार्जर परत येत नाहीत, ते देऊच नका), आणि आईने बबल रॅपमध्ये गुंडाळून, टेप लावायच्या आधी सीरियल नंबरसकट फोटो काढला. पावती घेतल्याशिवाय अण्णांनी पार्सल हातातून सोडलं नाही.

बदलून आला तो रीफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखा केलेला आहे, तसं त्यांनी सांगितलंच होतं, पण पडदा स्वच्छ आहे, बॅटरी टिकतेय. बदलून आलेल्या पीसवर नवी वर्षभराची वॉरंटी सुरू होते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं सहसा नसतं, कंपनी कंपनीप्रमाणे वेगळं असतं, म्हणून मी ते आधीच विचारून मेलवर घेतलं. मर्यादित मुदतीची मिळाली. तो मेल, इनव्हॉइस आणि डॉकेट नंबर अण्णांनी प्रिंट काढून लाईट बिलांच्या फाईलमध्ये लावून ठेवलेत, आणि आता आत्याच्या बंद पडलेल्या मिक्सरचं बिल शोधायला सांगितलंय.