कोळसा, थिनर आणि कोजागिरीची गच्ची

गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध गॅसवर न आटवता कोळशाच्या शेगडीवर आटवायचे, असे तरुण मंडळींनी ठरवले. वर्तमानपत्राचे बोळे पेटवून पाऊण तास झाला, तरी कोळसे काही धरेनात. मी वेलची-जायफळाची पूड घेऊन वर पोहोचले, तेव्हा माझा भाचा पाण्याच्या जुन्या बाटलीतून शेगडीवर काहीतरी ओतण्याच्या बेतात होता. एकदा ओतून झाले होते, जाळ उठून विझलाही होता आणि आता तो दुसरी धार सोडणार होता. ‘मावशी, थिनर आहे, कपाटाला लॅकर मारला त्यातले उरलेले’, असे त्याने सांगितले. मी बाटली काढून घेतली, बूच लावून जिन्यात ठेवायला पाठवली आणि चिमट्याने वरचे दोन कोळसे बाजूला केले. वरून काळेठिक्कर दिसणाऱ्या त्या ढिगाच्या पोटात चार-पाच कोळसे लालबुंद फुलले होते.

रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे द्रावकांच्या चाचण्या केल्या, त्यामुळे त्या रात्री माझा आवाज जरा चढला. रागाच्या भरात नीट सांगता आले नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. आमच्याकडे फ्लॅश पॉइंट काढण्यासाठी एबल यंत्र होते. पितळेच्या छोट्या कपात नमुना घालायचा, झाकण लावायचे, भोवतीच्या पाण्याने तो अगदी सावकाश तापवायचा आणि दर अर्ध्या अंशाला झाकणावरची सरकती पट्टी उघडून मण्याएवढी ज्योत आत डोकावू द्यायची. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका अंशाला कपाच्या तोंडावरून निळसर लकेर झर्रकन पळून जाते. तोच त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असू नये, असे भारतीय मानक सांगते. एन.सी. थिनरमध्ये, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायच्या थिनरमध्ये, पुष्कळदा मुख्य घटक असणाऱ्या टोल्युइनचा तो सुमारे ४ अंश, ॲसिटोनचा उणे २० च्या आसपास आणि पेट्रोलचा तर उणे ४० च्या घरात असतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने पेट्रोलियम पदार्थांचे वर्ग पाडले तेही याच मापाने. २३ अंशांखाली पेट घेणारे ते ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ मधले ‘ब’ वर्गात. म्हणजे थिनर किंवा पेट्रोल यांना पेटण्यापूर्वी तापावे लागत नाही, ते आपल्या हवेत सदैव पेटायला तयारच असतात. रॉकेलला आधी थोडे तापवावे लागते आणि त्याचा सारा भलेपणा तेवढ्यातच आहे. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या रॉकेलच्या कॅनबद्दल मी तेवढीही हमी देणार नाही.

थोडा हिशेब करते. ५० मिलिलिटर टोल्युइनची पूर्ण वाफ झाली, तर ती साधारण ११-१२ लिटर होते. हवेत तिचे प्रमाण १.२ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणजे तेवढ्याशा द्रवातून जवळजवळ एक घनमीटर पेटती हवा तयार होऊ शकते. वाकून ओतणाऱ्या माणसाचे तोंड, केस आणि ओढणी त्यात सहज मावतात. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे वर उडून जाण्याऐवजी जमिनीलगत पसरते.

दुसरी धार पहिलीपेक्षा घातक असते, कारण पहिल्या वेळी कोळसे गार असतात, काडी आपण ओढतो आणि कधी ओढायची हे आपल्या हातात असते. दुसऱ्या वेळी पोटातले निखारे द्रवाची क्षणात वाफ करतात. एखादा क्षण नुसता पांढुरका धूर दिसतो, माणूस ‘पेटले कसे नाही?’ म्हणून आणखी वाकतो आणि नेमकी तेव्हा ती वाफ भडकते. ज्वाला धारेवरून उलटी चढत बाटलीपर्यंत येऊ शकते. अर्धी रिकामी बाटली तर भरलेलीपेक्षा वाईट. २५ अंशांना टोल्युइनच्या बाटलीतील मोकळ्या जागेत सुमारे ४ टक्के वाफ असते आणि स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, बाटलीत सुमारे ८ टक्के. टोल्युइनची वाफ १.२ ते ७ टक्क्यांदरम्यान आणि अल्कोहोलची ३.३ ते १९ टक्क्यांदरम्यान पेटते, तेव्हा दोन्ही बाटल्यांत ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयारच बसलेले असते. पेट्रोलच्या बाटलीत मात्र वाफ इतकी दाट असते की आतल्या आत ती सहसा पेटत नाही, पण तोंडाशी हवा मिळताच तिची कसर भरून निघते. सॅनिटायझरने शेगडी पेटवणारेही मी पाहिले आहेत. त्याची फिकट ज्योत उजेडात दिसतच नाही, मग ‘विझले’ समजून लोक पुन्हा ओततात.

आणि एवढे करून कोळसा पेटतोच असेही नाही! कोळशाचा पृष्ठभाग साडेतीनशे अंशांच्या आसपास तापून तसाच टिकावा लागतो. थिनर त्याच्या छिद्रांत शिरते, आणि ते उडून जाईपर्यंत कोळसा थिनरच्या उत्कलनबिंदूपलीकडे, म्हणजे शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे तापत नाही. वर जाळ भडकतो, त्याची उष्णता आकाशात जाते आणि खाली कोळसा घाम आल्यासारखा थंड राहतो.

त्या रात्री आम्ही ढीग उपसला नाही. उरलेले थिनर जळून जावे म्हणून सगळ्यांना लांब करून पंधरा मिनिटे नुसते थांबलो. मग फुललेले कोळसे चिमट्याने मध्ये जमवले, त्यांवर नारळाच्या करवंटीचे तुकडे ठेवले आणि वर दोन्ही तोंडे कापलेला तेलाचा पत्र्याचा डबा उभा करून त्यात बाकीचे कोळसे भरले. डब्यातली तापलेली हवा वर जाते आणि शेगडीच्या जाळीतून नवी हवा ओढली जाते. माझी आजी फुंकणी बाजूला ठेवून हेच करीत असे. पार गार शेगडी असती, तर करवंटीखाली कापराच्या दोन वड्या पुरल्या असत्या. वीस मिनिटांत कोळशांवर राखेची साय धरली. वर नाचणाऱ्या निळ्या ज्योती पोरांना फार आवडल्या. तो कार्बन मोनॉक्साइड जळत होता, आणि जेवढा जळत नाही तेवढा वास-रंगाविना हवेत जातो, म्हणून वारा सुटल्यावर शेगडी जिन्याच्या बंद खोलीत नेण्याची सूचना मी ऐकूनही घेतली नाही.

दूध आटायला साडेबारा वाजले. सकाळी राख भरायला गेले, तेव्हा वरची राख हाताला गार लागली, पण बादलीतल्या पाण्यात सोडलेला तिसरा का चौथा कोळसा चर्रकन वाजला.