छापून झाल्यानंतरचे संपादकपण

संशोधनपत्रिकेच्या संपादकाचे काम म्हणजे आलेले लेख परीक्षकांकडे पाठवणे आणि त्यांचे अभिप्राय लेखकाला कळवणे, अशी समजूत मीही बरीच वर्षे बाळगून होतो. परीक्षक सल्ला देतो. निर्णय मात्र संपादकाचाच असतो. लेखक आपला जुना सहकारी असेल तर तो लेख दुसऱ्याकडे सोपवून बाजूला होणे, हे त्यातले सोपे काम.

अवघड काम छापून झाल्यावर सुरू होते. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय संशोधनपत्रिकेने १९९८ मध्ये छापला, २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले, तरी लेख पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडले.

आलेखातील आकडे जुळत नाहीत, असे वाचकाचे चार ओळींचे पत्र आले की मूळ नोंदी मागवाव्या लागतात, आणि समाधानकारक उत्तर आले नाही तर लेखकाच्या संस्थेला कळवावे लागते. लेख मागे घेताना कारण स्पष्ट सांगावे, असे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोप’ या प्रकाशनातील नैतिकतेविषयीच्या समितीचे मार्गदर्शन आहे. तरीही ‘लेखकांच्या विनंतीवरून’ एवढ्यावर बोळवण करणाऱ्या सूचना मी अनेकदा वाचल्या आहेत.