रब्बी नाही, मग चालवतं कोण?

आमचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायला येणारे विद्यार्थी असोत की शेजारपाजारची मंडळी, एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही म्हणता, मग हे सगळं चालवतं कोण? आणि त्याचे पैसे मिळतात का?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्हीच चालवतो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, समाजात परंपरेने रब्बी नव्हतेच. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्या काळी धार्मिक विधींसाठी काझी गावोगाव फिरत. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही त्यांची घराणी. 1796 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि सिनेगॉगबरोबर हुद्देही आले: मुकादम (प्रमुख), चौगुले (त्याचा सहायक), गब्बाय, हज्जान (प्रार्थना चालवणारा), शमाश (देखभाल करणारा). हिब्रू प्रार्थना नीट म्हणायला आम्हाला शिकवलं ते पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी. थोडक्यात, आमच्याकडे धर्म सांभाळला तो गावातल्याच माणसांनी, आपापला कामधंदा करून.

मी गब्बाय, म्हणजे खजिनदार. पगार नाही. हज्जान आणि शमाश यांना जमेल तेवढं मानधन देतो, बाकी सगळे आपल्या वेळेतून करतात. लोक याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. माझ्या कामातली एक गंमतीची गोष्ट सांगतो. सणाच्या दिवशी हेखालचं, म्हणजे पवित्र कपाटाचं, दार उघडण्याचा, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उचलून नेण्याचा मान बोली लावून दिला जातो. सिम्हाथ तोराला, म्हणजे तोराच्या आनंदाच्या सणाला, तर बोली चांगलीच रंगते. पण सणाच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचंही नाही. त्यामुळे कोणी कोणता मान कितीला घेतला, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. रात्री आकाशात तीन तारे दिसले, सण उतरला, की मग वही उघडायची. बोलीचा एक रुपयाही कधी बुडालेला नाही. जो बोलतो तो आठवड्याच्या आत स्वतः आणून देतो.

हज्जानचं काम बाहेरून दिसतं त्याहून अवघड आहे. सेफेर तोरा चामड्यावर हाताने लिहिलेला असतो, त्यात स्वरचिन्हं नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. त्या आठवड्याचा भाग छापील पुस्तकातून घोटून घोटून तयार करायचा आणि शनिवारी उघड्या गुंडाळीतून वाचायचा. बाजूला एकजण पुस्तक धरून उभा राहतो. उच्चार असा चुकला की अर्थ बदलतो, तर तिथेच थांबवतो, आणि तो शब्द पुन्हा वाचला जातो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पण खरं विचाराल तर सगळ्यात मोठी सेवा वाचण्याची नाही, हजर राहण्याची आहे. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की मिनियान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारा गट, होतो. नऊ असतील तर प्रत्येकजण आपापली प्रार्थना म्हणू शकतो, पण सेफेर तोरा बाहेर निघत नाही, आणि कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. ज्याची आई नुकतीच गेली आहे तो माणूस समोर बसलेला असतो, त्याला आईसाठी कद्दीश म्हणायचा असतो, आणि आपण नऊ असतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो पुन्हा शनिवारी सकाळी पांघरूण ओढून झोपत नाही. म्हणून आमच्यात एकाकडे फक्त फोन करण्याचं काम आहे. गुरुवारपासून तो विचारत असतो: तू आहेस ना, पाहुणे कोण येणार आहेत, त्यांच्यात मोठा मुलगा आहे का. दार फळणीला, म्हणजे किप्पूरच्या मोठ्या उपवासाला, सिनेगॉग आपोआप भरतं. एरवीच्या शनिवारी या फोनवर सगळं अवलंबून असतं.

माणसं कमी का, हेही सांगायला हवं. 1948 नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे आज मराठी बोलणारे आजी-आजोबा भेटतील. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण भारतात ज्यू होते साधारण साडेचार हजार. कोकणात सिनेगॉग उभी आहेत, दिव्यात तेल घालणारे हात कमी झालेत. कोणी गेलं म्हणून मला राग नाही. राहिलेल्यांनी जास्त करावं लागतं, एवढंच.

एक काम असं आहे की त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. समाजातलं कोणी वारलं की आंघोळ घालायला आपलीच माणसं जातात. पुरुषाला पुरुष, बाईला बायका. शरीर पूर्ण उघडं पडू द्यायचं नाही, कापडाखालूनच पाणी घालायचं. मग पांढरं साधं कफन, गरिबाला आणि श्रीमंताला एकसारखंच. हे करणाऱ्यांची यादी कुठे लावलेली नसते. ज्याच्यासाठी केलं तो आभार मानू शकत नाही, म्हणूनच मला ही सेवा सगळ्यांत वरची वाटते.

आणि बायका. दहांत त्यांना धरत नाहीत, पण किद्दूशसाठी, म्हणजे शनिवार-सणाच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी, काळ्या मनुका भिजवून, पिळून, गाळून शरबत त्याच करतात. मलिद्याच्या, म्हणजे आभाराच्या विधीच्या, ताटासाठी पोहे भिजवणं, नारळ खवणं, साखर-वेलची घालून फळांसकट ताट लावणं त्यांच्याकडेच असतं. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन ते ताट समोर आलं की सगळं घर वासाने भरून जातं. पण स्वयंपाकघरापुरतं त्यांना ठेवणं मला पटत नाही. 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी मंडळी सुरू झाली, तिच्या उभारणीत डॉक्टर जेरुशा झिराड पुढे होत्या. शंभर वर्षं झाली त्याला. आमच्या पारंपरिक सिनेगॉगमध्ये मिनियानचा नियम मी एकटा बदलू शकत नाही, तसा माझा आग्रहही नाही. पण विश्वस्त मंडळ चालवतं तो सार्वजनिक न्यास आहे. तिथे धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद, द्यायचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा, छपराच्या दुरुस्तीचे कोटेशन मागवायचे. यातल्या कशालाही पुरुषच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. माझी पुतणी बँकेत आहे, ताळेबंद माझ्यापेक्षा चांगला वाचते, आणि सणाची बोली कोणाची कितीला गेली हे तिच्या लक्षात राहतं. येत्या सर्वसाधारण सभेत माझ्या जागी तिचं नाव मी सुचवणार आहे.