तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर दिवसभर काय लागायचं?

"मावशी, तुमच्या वेळी टीव्हीवर दिवसभर काय लागायचं हो?" भाचीच्या मुलीपासून ऑफिसातल्या नव्या पोरींपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय आणि मी दरवेळी म्हणते, दिवसभर काहीच लागायचं नाही गं, संध्याकाळी चालू व्हायचा आणि रात्री बंद. मग त्या "अय्या" म्हणतात आणि विषय संपतो. पण ते उत्तर अर्धंच आहे, म्हणून आज नीट सांगते.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून. मी सांगतेय ती गोष्ट साधारण 1977-78 ची, लालबागच्या चाळीतली. आमच्या अख्ख्या मजल्यावर एकच टीव्ही, कोपऱ्याच्या खोलीतल्या बँकवाल्या काकांकडे. लाकडी कपाटासारखा सेट, पुढे सरकतं शटर, वर काकूंनी विणलेला रुमाल. रेडिओसारखाच टीव्हीलाही परवाना लागायचा, पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. दुपारी कुणी चालू केला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खर्रर्र आवाज. त्यामुळे आमच्या दिवसाचा टीव्ही म्हणजे खरं तर टीव्हीची वाट बघणं होतं, शाळेतून आलं की हातपाय धुवायचे, परवचा म्हणायचा, आणि काकांच्या दारात चपला दिसायला लागल्या की पळायचं, नाहीतर पुढची जागा गेली.

बटण दाबल्यावर लगेच चित्र यायचं नाही, आतल्या व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापायला वेळ लागायचा, आधी आवाज यायचा आणि मग हळूहळू उजेड. बंद केल्यावर मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि बारीक होत विझायचा, तो विझेपर्यंत आम्ही मुलं उठायचो नाही. वरळीचा टॉवर एवढा जवळ, तरी आमच्याकडे माणसामागे त्याचंच एक फिकट भूत उभं दिसायचं, कारण लाटा आजूबाजूच्या इमारतींवर आपटून थोड्या उशिरा परत यायच्या. मग एक जण गच्चीवर अँटेनाशी, एक गॅलरीत, एक टीव्हीपाशी, आणि "आलं? आलं! अरे गेलं, परत मागे फिरव" हे साखळीने वर पोचवायचं.

आता काय लागायचं ते. मुलांसाठी किलबिल, ते तर आमचंच. पण गुजराती मुलांसाठी संताकुकडी असायचं तेही आम्ही तेवढंच मन लावून बघायचो, एक अक्षर शिकवलेलं नसताना गुजराती कळायला लागलं ते तिथेच. आवो मारी साथे गुजराती, व्हॉट्स द गुड वर्ड इंग्रजी, त्यात सबीरा मर्चंट इतकं स्वच्छ बोलायच्या की आमची ताई त्यांचे उच्चार गॅलरीत म्हणून बघायची. ज्ञानदीप, युवदर्शन, कामगारांसाठी कामगार विश्व, साहित्यावर प्रतिभा आणि प्रतिमा, नाटुकल्यांचा गजरा. आणि शेतकऱ्यांसाठी आमची माती आमची माणसं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्यावर. चॅनल एकच, बदलायला दुसरं काही नाही, त्यामुळे जे माझ्यासाठी नव्हतंच तेही मी पूर्ण बघितलं. लालबागच्या पोरीला उसाच्या बेण्याशी काय घेणं, पण मला बेणं म्हणजे लावणीसाठीचे उसाचे तुकडे हे माहीत होतं, द्राक्षावर भुरी नावाचा रोग पडतो हे माहीत होतं. आमची आजी मालवणच्या बाजूची, ती पडद्यावरच्या कृषी अधिकाऱ्याशी थेट बोलायची, "अरे पण पाणी खंयसून हाडूचा?" म्हणजे पाणी आणायचं कुठून, आणि सगळ्या बायका तिच्याकडे वळायच्या, कारण त्या खोलीत शेतातलं कळणारी तीच एक होती. एरवी चाळीत तिला कोण काही विचारत नसे. कामगार विश्व लागलं की तो मान बाबांचा, पण ते पहिल्या पाळीच्या आठवड्यात, दुसरी पाळी असली की बाबा त्या वेळी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. आजच्या मुलांना त्यांच्या आवडीचं हवं तेवढं मिळतं, मिळू दे, पण शेजारच्या माणसाच्या आवडीचं त्यांना कुणी दाखवत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

साडेसातला बातम्या. भक्ती बर्वे, प्रदीप भिडे ही माणसं आम्हाला नात्यातली वाटायची. आणि बायकांचा खेळ म्हणजे साडी कुठल्या रंगाची असेल. करड्या रंगाच्या पाचसहा छटा एवढंच दिसायचं, त्यावरून काकू म्हणायच्या मोरपिशी, आई म्हणायची डाळिंबी, आणि दोघी इतक्या ठाम की बातम्या राहायच्या बाजूला.

गुरुवारचं छायागीत, शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी, हे तर सगळ्यांनाच आठवतं, म्हणून लांबवत नाही. चिमणराव लागायचं तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची मंडळीसुद्धा जिन्यात बसायची. रविवारी साप्ताहिकीत पुढच्या आठवड्याचं सांगायचे ते ताई पेन्सिलीने लिहून घ्यायची आणि तो कागद काकांच्या दारावर लागायचा.

मग 1982 आलं. 18 जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात बाबा. त्याच वर्षी 15 ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात एशियाड आलं, बाजारात दुकानांच्या काचेमागे रंगीत सेट लागले आणि लोक फुटपाथवर उभे राहून बघायचे. आमच्या मजल्यावर काही बदललं नाही, तोच शटरवाला सेट, फक्त आता बाबा रोज संध्याकाळी खोलीत असायचे. आणि मी बघितलं की कामगार विश्वला ते गप्प बसून असायचे, पण आमची माती आमची माणसं लागलं की पुढे सरकून बसायचे. आजी तोवर राहिली नव्हती, बाबा तिच्या जागेवर. आजूबाजूचे कितीतरी जण संपात गावी परतले होते, बाबांच्या मनात तेच चाललं असणार, आम्हाला बोलले नाहीत.

माझी भूगोलाची वही अजून आहे माझ्याकडे. तिच्या मागच्या पानावर बाबांचं अक्षर आहे, घाईघाईत टीव्हीसमोर लिहिलेलं: आंबा कलम. दोन कलमांत 10 मीटर. खड्डा 1 मीटर लांब, रुंद, खोल. शेणखत.

1983 च्या पावसाळ्यात त्यांनी गावी सहा कलमं लावली.